साठ डझन

उकळत्या पाण्यातून कोंबडी काढून परातीत ठेवली, तर बुनकोंग तिच्या मानेकडे टक लावून उभा. माझा थोरला. एरवी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही, धूर डोळ्यांत जातो म्हणतो.

"आई, यंदा मुंडी कापू नकोस," तो म्हणाला. "अख्खी ठेव. आणि तोंड आत्याकडे कर."

"कोणाचं तोंड?"

"कोंबडीचं. उगाच कळलं नाही असं दाखवू नकोस."

कळलं होतं. बाराव्या महिन्याची सोळावी तिथी म्हणजे मालकाने कामाच्या माणसांना जेवू घालायचा दिवस. भूमिदेवाला नैवेद्य झाला की मेजाच्या मध्यावर कोंबडी येते. तिचं तोंड ज्याच्याकडे, त्याने नव्या वर्षात कामावर यायचं नाही. बोलावं लागत नाही, भांडण नाही. ते माणूस मुकाट चार घास खातं आणि आपली चप्पल शोधतं. ज्याला कोणाला काढायचं नसतं तो मुंडी कापून टाकतो, नाहीतर तोंड स्वतःकडे करतो आणि सगळे हसतात. आमच्या कारखान्यात पंधरा वर्षं कोंबडी बिनमुंडीचीच आली. माझ्या मालकांनी घातलेली पद्धत. ते गेल्यावर मी ती पाळली.

"बोंगची एकटी?" मी विचारलं.

"आत्यापासून सुरुवात. ती घरची. घरच्या माणसालाच काढलं की बाकीच्या सात वयस्क बायकांना कुरकुरायला जागा उरत नाही. त्यांच्या जागी अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरी आणतो. बोटं चपळ असतात त्यांची."

"आणि जीभही."

"आई, तो जपानी व्यापारी तानिमुरा काय सांगून गेला ते तूच ऐकलंस. दिवसाला शंभर डझन छत्र्या. अठ्ठावीस तारखेला तो स्वतः येऊन बघणार. झाल्या तर ओसाकाची ऑर्डर आपली, वर्षभराची. नाही झाल्या तर दुसऱ्या कारखान्याची. आपण किती करतो? साठ! दोन वर्षांपूर्वी पंधरा बायका होत्या, तेव्हा साठ. आता वीस आहेत, तरी साठ. कोणीतरी साठावर खिळा ठोकून ठेवलाय."

माझी मोठी सून लीहुआ कोथिंबीर चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्यांचं वयच झालं, आई. एकेका छत्रीला पाव तासाच्या वर. नवीन मुली त्यांच्याकडे बघून हळू होतात. पाणी वरूनच गढूळ येतं."

ती चुकीचं बोलत नव्हती, असं मला तेव्हा वाटलं. बोंगची माझी नणंद. तिच्या आईबापांना मुलगा हवा होता, ही झाली, तर त्यांनी नाव ठेवलं बोंगची, म्हणजे असू दे, वाढवू कशीतरी. नवरा दोन वर्षांत गेला आणि ही परत आमच्या दारात. चाळीस वर्षं मी तिला गोगलगाय म्हणत आले. भात निवडायला बसली तरी शेवटची, नदीवरून यायला शेवटची. मालक म्हणायचे, तिला तिच्या चालीने चालू दे. मी म्हणायचे, चालू दे, पण माझ्या पुढून नको.

आणि ऑर्डर गेली असती तर एकट्या आमचं गेलं नसतं. आमच्या होबी गावात माझ्या लग्नात पाहुण्यांना वाळवलेल्या रताळ्याची पेज वाढली होती, तीही पातळ. आज गावात कौलांची घरं आहेत, पोरी पाटीपुस्तक घेऊन जातात, ते भाताने झालेलं नाही. ते छत्रीच्या काड्यांनी झालंय. हे मला कोणी शाळेत शिकवलं नाही. शाळेत मी गेलेच किती दिवस? छप्पर गळायला लागलं आणि मास्तर पळाले.

"बघते," मी म्हणाले.

बुनकोंगने ते 'हो' समजून घेतलं. पुरुषांना तेवढंच ऐकू येतं.

*

धाकट्या सुनेने, सिऊकिमने, त्याच वेळी मागच्या पडवीत काय केलं ते मी पाहिलं नाही, पण मला माहीत आहे. सुनांना नवरे असतात आणि नवऱ्यांना आई असते. माझ्या घरात याच वाटेने सगळं माझ्यापर्यंत येतं.

सिऊकिम लग्नाआधी चार वर्षं काओशुंगच्या बंदरात रेडिओच्या कारखान्यात होती. तिथून तिने हुंड्यात आणलं काय, तर एक थांबवायचं घड्याळ. कळ दाबली की पळतं, दाबली की थांबतं. महिनाभर ती ते बाहीआड धरून बायकांमधून फिरत होती आणि वहीत काहीबाही खरडत होती. मला वाटलं, पोर घरच्या आठवणीने कविता करते.

माझा धाकटा, बुनसिंग, छत्रीला मुठी बसवायच्या यंत्राला तेल घालत होता. यंत्राशी तो तासन्‌तास बोलतो, माणसांशी नाही.

"दादा आत्यांना काढणार आहेत," सिऊकिम म्हणाली. "आजच. ताई मला आत्ता सांगून गेल्या, वर म्हणाल्या, तुझ्या वहीचा उपयोग झाला. मी म्हटलं, कसला उपयोग? तर म्हणे, आत्यांची सोळा मिनिटं तूच मोजलीस ना."

"मोजलीस ना पण?"

"सोळा मोजली. आणि नऊही मोजली!" तिने वही उघडून त्याच्या तोंडासमोर धरली. "हे बघ. चार तारखेला आई कुआनतीच्या मावशींच्या सातव्या दिवसाच्या विधीला गेल्या होत्या. त्या दिवशी आत्यांनी नऊ मिनिटांत एक छत्री बांधली. दिवसभर. सगळ्याजणींनी. पाच तारखेला आई आल्या आणि परत सोळा."

बुनसिंगने तेलाची डबी खाली ठेवली. "वही चुलीत टाक."

"का?"

"आईच्या आधी तू कधी जेवायच्या काठ्या उचलल्यास?"

"नाही."

"मग तिच्या आधी काम संपवून कोण दाखवेल?"

सिऊकिम त्याच्याकडे बघतच राहिली. महिनाभर ती आकडे लिहीत होती आणि त्यांचा अर्थ तिच्या नवऱ्याने तेलकट हातांनी एका वाक्यात सांगितला होता.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे. फक्त मोजलं नव्हतं कोणी."

"आणि आत्यांना काढलं तरी तू गप्प बसणार?"

बुनसिंग यंत्राकडे वळला. मग, ती सांगते, त्याचे कान लाल झाले. तो म्हणाला, "तू बोल. मी तुझ्या शेजारी उभा राहतो. बोलता मला येणार नाही, पण हलणार नाही."

माझ्या या मुलाने आयुष्यात घेतलेला हा पहिला पवित्रा. तोही माझ्याविरुद्ध.

*

दुपारी पितरांच्या मेजासमोर सगळे जमलो. मी खुर्चीत, बुनकोंग हिशोबाची मण्यांची पाटी घेऊन, लीहुआ त्याच्या मागे, आणि दाराशी ही दोघं, फोटो काढायला उभी राहावीत तशी.

"आई, मला वहीतलं वाचायचंय," सिऊकिम म्हणाली.

"वाच. मला नाहीतरी वाचता येत नाही."

तिने वाचलं. बोंगची सोळा मिनिटं. बुनकोंगने मांडीवर थाप मारली, "बघ!" मग तिने नऊ वाचलं. त्याची थाप हवेतच राहिली.

"एकाच बाईचं? नऊ आणि सोळा?"

"एकाच बाईचं. आणि विसांचं. चार तारखेला सगळ्याजणी भराभर बांधत होत्या, पण छत्र्या नुसत्या साचल्या. तपासायला कोणी नव्हतं."

मी मूर्ख नाही. ती कुठे चाललीय ते मला वळणाच्या आधी दिसलं.

आमच्याकडे काम असं चालायचं: वीस बायका काड्यांना कापड बांधायच्या, आणि छत्री बांधून झाली की उठून ती माझ्याकडे आणायच्या. मी दाराशी उजेडात स्टुलावर. प्रत्येक छत्री मी उघडायची, एक फेरा फिरवायची, आठही टोकांवरून अंगठा फिरवायची, मिटायची, बंद लावायची. पंधरा वर्षांत ओसाकाहून आमची एक छत्री परत आली नाही. एक! माझा अंगठा हाच आमच्या कारखान्याचा शिक्का, असं मालक सगळ्यांना सांगायचे.

"माझी वेळ लावलीस?" मी विचारलं.

"लावली, आई."

"किती?"

तिने वहीत बघितलं नाही. "पन्नास सेकंद."

"अगं, लाज आहे का?" लीहुआ किंचाळलीच. "सासूला घड्याळ लावतेस? उद्या त्यांच्या श्वासांची मोजदाद करशील!"

"पन्नास म्हणजे जास्त की कमी?" मी विचारलं.

"चांगल्या कामाला कमीच आहेत," सिऊकिम म्हणाली. "पण दादा, तुम्ही हिशोब करा ना. दहा तास. एका छत्रीला पन्नास सेकंद."

बुनकोंगने मणी सरकवले. खट, खट. मग थांबला. पुन्हा पहिल्यापासून सरकवले. माझा मुलगा आकड्यांत चुकत नाही. दुसऱ्यांदा करतो तेव्हा पहिलं उत्तर आवडलेलं नसतं.

"बोल की," मी म्हणाले.

"सातशे वीस."

म्हणजे साठ डझन. डझन मला शाळेशिवाय कळतात.

पंधरा बायका असोत, वीस असोत, अठरा वर्षांच्या पन्नास पोरी आणा. माझ्या दोन हातांच्या दारातून दिवसाला साठ डझनच बाहेर पडणार. खिळा ठोकून ठेवलेली मी होते.

आता गंमत बघा. आत्याला काढायला निघालेला बुनकोंगच आधी उठला. "हे चालणार नाही. आईच्या हातामुळे माल परत येत नाही. तो हात काढला तर पहिल्याच पेटीला ओसाकाहून बोलणी खावी लागतील. आईला कोणी बोट लावायचं नाही."

"मग शंभर कसे करणार, दादा?" बुनसिंग म्हणाला. सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. यंत्र बोलावं तसं.

"तू गप रे!"

"आईला कोणी बोट लावत नाहीये," सिऊकिम म्हणाली. "आमच्या तिथे शेवटी तपासणारं कोणी नव्हतंच. रांग होती. रेडिओ हातातून हातात पुढे जायचा आणि प्रत्येक बाई मागच्या बाईचं काम बघूनच आपला हात लावायची. वाईट दिसलं तर तिथेच परत. मागचीच्या तोंडावर. तिथल्या बायकांची बोटं काही सोन्याची नसतात, दादा. त्यांना फक्त उठावं लागत नाही आणि थांबावं लागत नाही. आपल्या बायका दिवसातले तीन तास नुसत्या चालतात. आईंकडे यायला, दोऱ्याला, मेणाला. आणि उरलेला वेळ हळू होण्यात घालवतात. हळू काम करायला जास्त मेहनत लागते."

"पण त्या हळू का होतात?" लीहुआने विचारलं.

बुनसिंगने जमिनीकडे बघितलं. मी खुर्चीतून उठले.

*

बोंगची मागच्या अंगणात बदकांना रताळ्याची सालं घालत होती. मला बघून तिने हात कपड्यांना पुसले, मी काम सांगायलाच येते म्हणून.

"तुझ्या बोटांना काय झालंय?" मी विचारलं.

"थंडीची दुखतात. काही नाही."

"मी घरात नसले की दुखायची थांबतात म्हणे. नऊ मिनिटांत छत्री होते."

"कोण म्हणालं?"

"घड्याळ."

तिने राहिलेली सालं एकदम टाकली. बदकं एकमेकांच्या अंगावर चढली.

"वहिनी, माझा दादा गेला त्या वर्षापासून तू छत्री उजेडाकडे दोनदा धरतेस," ती म्हणाली. "आधी एकदाच धरायचीस."

मला तोंडावर कोणी पाणी मारल्यासारखं झालं. माझ्या डाव्या डोळ्यात दोन वर्षांपासून धुकं होतं, आणि ते मी वैद्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"तुझ्यापुढे ढीग साचायला लागला होता. बुनकोंग एकदा ढिगाकडे बघून गेला. मला वाटलं, आता तो म्हणेल आईला दिसत नाही. मग मी बाकीच्यांना म्हटलं, जरा दमाने घ्या."

"तू म्हणालीस?"

"मीच. नव्या आल्या की त्यांनाही सांगते. पहिल्याच दिवशी."

"म्हणजे दोन वर्षं वीस बायका माझी कीव करत बसल्या होत्या!"

"कीव कसली? मान. तू मला चाळीस वर्षं गोगलगाय म्हणतेस, राग येतोच मला. लाकडाची थोडीच आहे. पण गोगलगाय निदान कोणाला मागे टाकून जात नाही."

"आणि आज कोंबडीचं तोंड तुझ्याकडे करायचं चाललंय, ते माहीत आहे का या गोगलगायीला?"

"बुनकोंग चार दिवस माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. कळतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुझं नाव आलं असतं."

एवढं बोलून ती रिकामी पाटी हापशीखाली धुवायला बसली. मी तिला एकही गोड शब्द बोलले नाही. मला येतच नाहीत. चाळीस वर्षं जी भाजी केली नाही तिची चव एका दुपारी कुठून आणायची? मी तिथे उभी राहून तिची बोटं बघितली. पाटीच्या कडेकडेने भराभर फिरत होती. इतकी वर्षं मी ती बघितलीच नव्हती.

*

ऊन कलायच्या आत जेवण मांडलं. भूमिदेवापुढे कागद जाळून झाले, पडवीत तीन मेजं लागली. वाफवलेले पाव, त्यात भरायला डुकराचं जाड मांस, शेंगदाण्याचं गोड कूट, आंबवलेली मोहरीची पानं, कोथिंबीर. बायका केस विंचरून, बरे कपडे घालून आलेल्या. हसत-खिदळत बसल्या आणि लीहुआने कोंबडी आणली.

मुंडी होती.

पंधरा वर्षांत पहिल्यांदा. कोपऱ्यातल्या तिन्बीने शेजारणीचा हात धरला. तिचा नवरा मचव्यावरून पडून घरी बसलाय. म्हाताऱ्या तुआने मुद्दाम छताकडे बघायला सुरुवात केली, जणू तिकडे बघितलं की तोंड आपल्याकडे येणार नाही. बोंगची दुसऱ्या मेजाच्या टोकाला, हात मांडीत घेऊन, एखाद्या पाहुणीसारखी सरळ बसली होती.

बुनकोंग माझ्या मागे आला. "आई, राहू दे," तो कुजबुजला. "मुंडी कापून टाकू. ऑर्डरचं बघू काहीतरी." त्याचा चेहरा उतरला होता. वाईट नाही माझा मुलगा. त्याला वाटत होतं, काढायचं तर कोणाला तरी हवं, आणि जिला काढायला पाहिजे तिला काढता येत नाही.

"तू बस," मी म्हणाले.

मी परात दोन्ही हातांनी धरली आणि फिरवली. चोच तुआवरून गेली, तिन्बीवरून गेली. बोंगचीपाशी आली तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत, हे मी पाहिलं. मी फिरवत राहिले, आणि चोच माझ्या पोटासमोर आणून परात खाली ठेवली.

एकच हशा झाला. टाळ्या. "मालकीणबाई, घाबरवलंत हो!" "माझा तर पावच घशात अडकला!" मनाचा मोठा मालक करतोच असं, वर्षाअखेरीची थट्टा. बुनकोंगनेही सुस्कारा सोडला आणि तांदळाच्या दारूची बाटली उचलली.

"हसून झालं?" मी म्हणाले. "आता ऐका. ही थट्टा नाही. उद्यापासून छत्र्या तपासायला मी नाही."

बाटली बुनकोंगच्या हातात तशीच.

"तुम्ही माझा मान राखलात. दोन वर्षं हळू बसून राखलात. बोंगचीने सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत. मला तिचा राग आलाय, तो मी सवडीने काढीन. पण मान पेटीत भरून ओसाकाला पाठवता येत नाही. तिथे छत्र्या लागतात. अठ्ठावीस तारखेला तो माणूस येणार आणि त्याला दिवसाला शंभर डझन बघायच्या आहेत. माझ्या हातून साठच होतात. मग काय करायचं? माझा हात मोठा होणार आहे का?"

तुआने हातातला पाव ताटात ठेवला.

"धाकटी सून सांगेल तसं रांगेत बसायचं. मागचीचं काम पुढचीने बघायचं. वाईट असेल तर परत करायचं. मागे मोठी सून असो, माझी बहीण असो, परत करायचं. आणि जी माझ्यासाठी म्हणून हळू होईल, तिला मी कोंबडीची वाट न बघता घालवीन."

"आई, लोक काय म्हणतील?" लीहुआच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. "सुनांनी सासूला जागेवरून उठवलं म्हणतील."

"मी उठले म्हणून सांग. मला कोण उठवणार?"

"आणि माल परत आला तर?" बुनकोंगने विचारलं.

"येईल तेव्हा रडू. आणि तू तिथे बाटली घेऊन काय उभा आहेस? आत्याचं ताट रिकामं आहे. पाव वाढ तिला. मांस चरबीचं घाल, तिला दात कमी आहेत."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग गेला, पाव उघडला, मांस भरलं, कूट घातलं आणि दोन्ही हातांनी बोंगचीपुढे ठेवला. "आत्या, खा," म्हणाला. बोंगची म्हणाली, "कूट कमी पडलंय." त्याने आणखी घातलं.

*

दुसऱ्या दिवशी, सतराव्याला, बुनसिंगने बांबूच्या फळ्यांचं लांबच लांब बाक मांडलं आणि वीसजणी रांगेत बसल्या. सिऊकिम घड्याळ घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी रांगेच्या बाहेर, दोऱ्याचं काम घेऊन. दोरा कापायचा, मेणावरून ओढायचा आणि प्रत्येकीच्या हाताशी जुडी ठेवायची, म्हणजे कोणी उठायला नको. त्याला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात.

त्या दिवशी संध्याकाळी बावन्न डझन झाल्या.

बावन्न! बायका एकमेकींच्या कोपरांना धडकत होत्या, एकीपुढे ढीग आणि दुसरीपुढे रिकामं. बुनकोंग मुकाट्याने आत गेला, माझं जुनं स्टूल घेऊन आला आणि दाराशी त्याच्या जागेवर ठेवलं.

"आई, झालं ते झालं. उद्यापासून बस परत. निदान साठ तरी होतील."

सिऊकिमने घड्याळ खिशात टाकलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. लीहुआ माझ्याकडे बघत होती, आणि ती जिंकल्यासारखी दिसत नव्हती. घाबरल्यासारखी दिसत होती, मी हो म्हणेन म्हणून. दिवसभर रांगेत बसली होती ती, मधल्या जोडाचा टाका घालायला. बोटाला चिंधी बांधलेली होती.

खोटं कशाला बोलू? बसावंसं वाटलं मला. त्या स्टुलाला माझ्या बसण्याचा आकार आला होता.

"तिन्बीपुढे ढीग का साचतो गं?" मी सिऊकिमला विचारलं.

"तिच्याकडे चार टोकं आहेत, पुढचीकडे दोनच."

"मग पुढचीला तीन दे. एवढं शिकायला बंदरात जायला लागतं?"

सिऊकिम पहिल्यांदाच माझ्यासमोर दात दाखवून हसली. बुनकोंगने स्टूल उचललं आणि ते मेणाच्या कढईखाली ठेवलं, कढई हलत होती म्हणून.

अठराव्याला एकसष्ट. एकोणिसाव्याला सत्तर. बायका आता माझ्याकडे बघायच्या विसरल्या होत्या. बघत होत्या त्या शेजारणीच्या हाताकडे. तोंडं मात्र चालू. "तुआमावशी, टाका घालताय की गोधडी शिवताय?" "तुझ्या सासूला विचार, लग्नात तुझी गोधडी मीच शिवली." मी ऐकत होते आणि दोरा ओढत होते.

विसाव्याला सकाळी कानावर एक आवाज आला. छत्री उघडताना कापड ताणलं की एक कोरडा फटका येतो, नव्या पापडासारखा. हा फटका ओला होता. एका टोकाचा टाका सुटलेला. कुठल्या टोकाचा तेही सांगू शकले असते मी. पंधरा वर्षं ऐकलंय.

माझे हात मेणात होते. मी ते तिथेच ठेवले.

छत्री तिन्बीच्या हातून पुढे गेली. लीहुआने मधल्या जोडाचा टाका घातला आणि पुढे सरकवली. मी ओठ चावला. आता फक्त बोंगची उरली होती, रांगेच्या शेवटी.

"थांबा!"

मोठ्याने. अंगणातली बदकंसुद्धा गप्प झाली. बोंगची छत्री उघडून उभी होती, अंगठा एका टोकावर. रांग थांबली.

"आत्या, बारीकसं तर आहे," लीहुआ म्हणाली. "जाऊ द्या ना. शंभर करायच्या आहेत. थांबलो की डझनभर कमी होतील."

"होऊ देत. उसव."

"अहो, वरून दिसतसुद्धा नाही."

"ओसाकाला पाऊस पडला की दिसेल. उसव आणि तिन्बीकडे पाठव. तिचा टाका आहे तो, तुझा नाही, पण बघायचं काम तुझं होतं."

लीहुआचं तोंड लाल झालं. थोरली सून, सगळ्यांसमोर. तिने बुनकोंगकडे पाहिलं, बुनकोंगने माझ्याकडे. मग सगळी रांग माझ्याकडे वळली, वीस तोंडं, जुन्या सवयीने.

"आई, तू सांग," बुनकोंग म्हणाला.

"मी दोरेवाली. मला काय विचारता? तिला विचारा."

लीहुआने हातातली सुई खाली ठेवली. मग तिने छत्री मांडीवर घेतली, दातांनी दोरा तोडला आणि उसवायला लागली. "तिन्बी," ती म्हणाली, "पुढच्या वेळी माझ्याकडे असलं पाठवलंस तर तुझ्या डोक्यात मूठ घालीन." तिन्बी म्हणाली, "घाला, पण नीट बसवलेली घाला." रांग हसली आणि चालू झाली.

संध्याकाळी बुनकोंगने पेट्या मोजल्या. त्र्याऐंशी डझन. तानिमुरा यायला आठ दिवस होते. मी उद्याचा दोरा कापायला घेतला.